चीवर उतरल्यावर

लहानू गजभिये श्रामणेर शिबिरातून सावळधऱ्याला परत आला, तेव्हा त्याच्या घराला कुलूप होतं. बायको इंदूबाई वावरात तूर सोंगायला, म्हणजे कापायला, गेली होती. लहानू पांढरा सदरा-पायजमा घालून, भादरलेल्या डोक्यावर हात फिरवत ओसरीवर बसून राहिला. शेजारचं कुत्रं आलं, त्याला हुंगलं आणि गेलं. दुसरं कोणी आलं नाही.

आमच्या भागातल्या बौद्धांत ही रीत आहे. गृहस्थानं थोडे दिवस डोकं भादरून चीवर घालायचं, भिक्खूंसोबत राहायचं, भिक्षा मागून एक वेळ जेवायचं, आणि मग चीवर परत करून आपल्या धंद्याला लागायचं. तेवढे दिवस तो कोणाचा नवरा नसतो, कोणाचा भाऊ नसतो. त्याला नावसुद्धा नवं मिळतं. लहानूला शीलरत्न हे नाव मिळालं होतं, आणि वय झालेली माणसंही त्याच्यापुढे वाकून "वंदामि भंते" म्हणत होती. सगळ्या रीतीत कठीण भाग असतो तो परत येण्याचा. पण त्याचं शिबिर कोणी घेत नाही.

दिवस कलल्यावर इंदूबाई आली. डोक्यावर जळणाला आणलेल्या पऱ्हाट्यांचा भारा होता. तो तिनं अंगणात टाकला आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"आले का? चावी कोनाड्यात होती न."

"म्या पाह्यली नाई."

"पाह्याची होती," ती म्हणाली, आणि त्याच्या डोक्याकडे पाहून पदराआड हसली. "टकलं चांगलं दिसते तुमाले. काशीफळावानी."

लहानूला ते आवडलं नाही. चारच दिवसांपूर्वी याच बाईनं याच ओसरीसमोर गुडघे टेकून त्याच्या पात्रात भात वाढला होता. तेव्हा तिनं मान वर केली नव्हती.

त्या दिवशीचं भिक्षाटन तो राहून राहून आठवत होता. सगळे श्रामणेर एका रांगेत, नजर खाली ठेवून गावातून निघाले होते. दोन घरं झाली आणि रांग बाबारावच्या दारात थांबली. बाबाराव म्हणजे लहानूचा सख्खा थोरला भाऊ. सहा वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. कारण सांगायला लाज वाटावी एवढं लहान होतं. गावातल्या प्रत्येक लग्नात त्रिसरण-पंचशील लहानू म्हणायचा. त्याचा आवाज तसा होताच. पण बाबारावची पोरगी प्रीती, तिच्या लग्नात वरपक्षानं नागपूरहून कोणी शिकलेले गृहस्थ आणले आणि माइक त्यांच्या हाती गेला. बाबाराव गडबडीत होता, लहानूला सांगायचं राहिलं. लहानू भरल्या ताटावरून उठला. मग बाबारावला वाटलं, पोरीच्या लग्नात ताटावरून उठला, आता यानं यावं. लहानूला वाटलं, त्यानं बोलवावं. दोघंही एकाच आईचे.

तर त्या दिवशी बाबाराव दारात उभा होता. शेजारी वहिनी, पुष्पलताबाई, पातोडीच्या भाजीची वाटी घेऊन. बाबारावचा उजवा गुडघा कधीचाच गेलेला. तरी तो भिंतीला धरून खाली बसला, हात टेकले आणि लहानूच्या पायांपुढे मातीत डोकं ठेवलं. श्रामणेरानं वर पाहू नये असा नियम आहे. खाली पाहिलं तरी जे दिसायचं ते दिसलंच. भावाचं पिकलेलं डोकं आपल्या पायाशी. लहानूच्या छातीत काहीतरी भरून आलं. त्याला ती करुणा वाटली.

शिबिरातल्या भंतेंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "लोक चीवराला वंदन करतील. ते चीवराजवळच थांबू द्या, आत शिरू देऊ नका." संध्याकाळच्या उजळणीत हे वाक्य लहानूनं सगळ्यांत अचूक म्हणून दाखवलं होतं. भंतेंनी मान डोलावली होती, आणि तेही त्याच्या लक्षात राहिलं होतं.

घरी आल्यावर त्यानं नियम सोडले नाहीत. पहाटे खाटेवर मांडी घालून बसायचा. दुपारनंतर जेवायचा नाही. इंदूबाई "माह्यं डोकं दुखते" म्हणाली तर डोळे न उघडता म्हणायचा, "माह्यं म्हनू नको वं. डोकं दुखते एवढंच म्हन."

"बरं. डोकं दुखते. आता तुरीच्या पेंड्या कोन बांधते? माह्या म्हनत नाई मी."

तो हसला नाही. पूर्वी हसला असता. इंदूबाई विळा घेऊन एकटी निघाली. वावरात दिवसभर तिला बोलायला कोणी नव्हतं. पोरगा प्रशिक हिंगणघाटला नोकरीवर, सून त्याच्यासोबत. कोराडीच्या वीजकेंद्राच्या धुरांड्यांची राख सकाळच्या धुक्यातून खाली उतरायची आणि तुरीच्या पाल्यावर, तिच्या हातांवर, ओढणीसारख्या बांधलेल्या पदरावर बसायची. नवरा शिबिरात होता तेव्हा तिला एकटं वाटलं नव्हतं. तो येणार होता. आता तो आला होता आणि घरात माणूस नव्हतं.

लहानूचं सगळं चित्त एकाच गोष्टीत अडकलं होतं. बाबाराव येईल. वाकला तेव्हाच भांडण मिटलं, आता बोलायचं तेवढं राहिलं. अंगणात पाऊल वाजलं की तो डोळे मिटून पाठ ताठ करायचा. दूधवाला यायचा.

टपरीवर तर त्यानं बोलूनही टाकलं. गोविंदा, ज्याचं वावर बाबारावच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होतं, चहा पीत म्हणाला, "लहानूभाऊ, दादा पाया पडला म्हने तुमच्या."

"पडला न गा. पार मातीत डोकं ठेवलं. मनातला मळ गेला मानसाच्या."

"कोनाच्या?"

"त्याच्या."

"वा," गोविंदा म्हणाला. "तुमी म्हंजे आता मोठेच झाले." आणि लहानू गोविंदानं लावलेल्या त्या हरभऱ्याच्या झाडावर दिवसभर बसून राहिला.

गावात बोललेलं संध्याकाळच्या आत धुऱ्यावर पोचतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर दोघं भाऊ समोरासमोर आले. विहीर सामाईक, एक दिवस याचं पाणी, एक दिवस त्याचं. बाबाराव मोटारचा पाइप आपल्या हरभऱ्याकडे फिरवायला वाकला होता आणि गुडघा त्याला वाकू देत नव्हता. लहानू जवळ जाऊन उभा राहिला. पाइपला हात लावणं त्याच्या ध्यानातही आलं नाही. तो भावानं तोंड उघडण्याची वाट पाहत होता. बाबारावनं पाइप फिरवला, तार आवळली, हात पुसले आणि निघाला.

लहानूला राहवलं नाही. सहा वर्षांनी भावाशी बोललेले त्याचे पहिले शब्द असे होते: "त्या दिवशी तं वाकला होता."

बाबाराव थांबला. मागे वळला नाही.

"चीवराले वाकलो गा. आत कोन होतं, म्या पाह्यलं बी नाई."

पाणी सऱ्यांतून जायला लागलं. बाबाराव लंगडत नाल्यापलीकडे गेला. लहानू विहिरीच्या काठावर उभाच राहिला. थंडी होती, पण त्याचे कान तापले होते. आपण एवढ्या वेळा ऐकलेलं, म्हणून दाखवलेलं वाक्य भावानं आपल्याला ऐकवलं, आणि भाऊ तर शिबिराला आलाही नव्हता. त्याला अपमान वाटला, आणि अपमान वाटला याचीही शरम वाटली. ते दोन्ही घेऊन तो घरी आला. दुपार टळली होती. त्यानं इंदूबाईला भाकर मागितली. तिनं काही न विचारता वाढली.

आठवड्याभरात बाबारावचा गुडघा सुजून टमाट्यासारखा झाला. त्याचा मुलगा रोहित नागपूरजवळच्या वाडीला एका गोदामात कामाला होता. तो गाडी घेऊन आला आणि आईबापाला नागपूरला धंतोलीच्या दवाखान्यात घेऊन गेला. गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलं. जाताना गाडी लहानूच्या घरावरून गेली. इंदूबाई धावत फाटकाशी गेली, काचेतून पुष्पलताबाईचा हात धरला. लहानू आत उंबऱ्याशी उभा होता. बाबाराव समोर पाहत बसला होता. तेवढंच.

"भाऊची तूर उभी हाय," रात्री भाकरी थापताना इंदूबाई म्हणाली. "सेंगा तडकून राह्यल्या. गोविंदाले सोंगाले सांगतली म्हने, पन तो तं लग्नाले भंडाऱ्याले गेला."

 सकाळी लहानू खाटेवर ध्यानाला बसलेला दिसला नाही, आणि भिंतीवरचा विळाही नव्हता.

बाबारावचं वावर नाल्यापलीकडे, राखेच्या तलावाच्या बाजूला. तिकडे सहसा कोणी जात नाही. धुक्यात तुरीची काळपट झाडं डोक्याएवढी उभी होती. लहानूनं डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि पहिलं तास, म्हणजे तुरीची पहिली ओळ, धरलं. तूर सोंगायला कंबर लागते. बुंधा अंगठ्याएवढा जाड, एका घावात तुटत नाही. डाव्या हातानं वाकवायचं, विळा ओढायचा, झाड आडवं टाकायचं. शिबिरात बसून बसून त्याचं अंग जड झालं होतं. दिवस कासराभर वर आला तोवर तळहाताला फोड आले आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

आणि डोकं? डोकं कामाला नव्हतंच. ते धंतोलीच्या दवाखान्यात होतं. बाबाराव परत येतो, वावर पाहतो, विचारतो कोणी सोंगली. कोणीतरी सांगतं. बाबारावच्या डोळ्यांत पाणी. लहानू प्रत्येक तासाला हे नाटक नव्यानं रचत होता, आणि प्रत्येक वेळी त्यात स्वतःला थोडं अधिक नम्र करत होता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथं तर सुंभही नीट पेटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी अंग एवढं दुखत होतं की नाटक रचायला ताकद उरली नाही. झाड, घाव, झाड, घाव. ऊन पाठीवर आलं. शेंगा अंगाला लागून खुळखुळत होत्या. धुऱ्याला पोचून त्यानं मागे पाहिलं तर चार तासं झाली होती आणि ती कधी झाली ते त्याला आठवेना. तेवढा वेळ तिथं लहानू नव्हता, शीलरत्न नव्हता, कोणाचा धाकटा भाऊ नव्हता. फार बरं वाटलं त्याला. मग 'आपल्याला हे जमलं' असं मनात आलं, आणि त्याबरोबर तो परत आपल्या जागी येऊन बसला.

दुपारी इंदूबाई भाकर घेऊन तिथंच आली. त्यानं कुठं जातो ते सांगितलं नव्हतं. तिनं त्याचे तळहात पाहिले, पदराचा काठ फाडून बांधले आणि पेंड्या बांधायला बसली. दोघांनी मिळून पेंड्यांची सुडी रचली. बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याशी बोलत होती: वहिनीच्या गाईचं, प्रशिकच्या फोनचं, काही नाही असंच. सुडीवर पाला झाकताना ती म्हणाली, "भाऊ खुश होईन."

"सांगू नको कोनाले."

"काहून?"

"नाई सांगाचं. केलं तं केलं. धम्मात असंच राह्यते."

 मग तिनं दोरी उचलली.

पौर्णिमेला बाबाराव गावात परतला. हातात धरून चालायचा लोखंडी घोडा, आणि रोहित पाठीमागे. संध्याकाळी विहारात सगळे जमले. वंदना लहानूनंच म्हटली, आणि फार सुरेख म्हटली. बाबाराव मागे खुर्चीवर बसला होता. वंदना संपल्यावर खीर वाटली जाऊ लागली, तेव्हा तो मोठ्यानं म्हणाला, "गोविंदा, लग्नाहून येऊन तूर सोंगून ठेवली गा तुनं. उपकार झाले."

गोविंदा कालच भंडाऱ्याहून आला होता. त्यानं वावर पाहिलंही नसेल. पण एवढ्या लोकांत आलेलं श्रेय हातून सोडायला माणूस फार मोठा लागतो. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मान हलवली. "गावचं काम हाय दादा."

लहानूच्या हातातला खिरीचा द्रोण कलला. बाबाराव त्याच्याकडेच पाहत होता. बायकांच्या रांगेतून इंदूबाई उठली, "भाऊ, आयका—" म्हणाली, आणि लहानूनं तिच्याकडे असं पाहिलं की ती खाली बसली. बाबारावनं थोडा वेळ वाट पाहिली. मग रोहितचा खांदा धरून उठला आणि घोडा टेकत, टेकत निघून गेला.

लहानूला आतून जळत होतं, पण त्या जळण्यात एक गोडीही होती. आपण सोसलं. एक शब्द काढला नाही. भंते असते तर त्यांनी मान डोलावली असती.

 घरी ओसरीवर आल्यावर इंदूबाईनं चपला काढल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "जिंकले?"

"काय?"

"जिंकले का म्हनलं तुमी? सहा वर्सानं मानसानं तुमच्या तोंडाकडं पाह्यलं. सगळ्या गावात, तुमच्याकडं पाहून राह्यला होता तो. एक शब्द बोलाचा होता. म्या सोंगली दादा, एवढंच. पन नाई. तुमाले बोलून लहान नाई व्हाचं, तं न बोलून मोठं व्हाचं होतं."

"मी-मी नाई म्हनाचं, इंदू. तेच तं शिकलो."

"मंग हे कोन हाय?" तिनं त्याच्या छातीवर बोट टेकलं. तिचा आवाज फाटला. "चीवर घालून गेले तई तुमाले पाया पडली मी. तो कोन होता मले ठाऊक नाई. आले तईपासून बी तोच घरात बसून हाय. माह्या नवऱ्याले कुठं ठेवून आले? मले एकटीले नाई राहवत त्या भंतेसंगं."

ती आत गेली. चुलीत काहीतरी मोडल्याचा आवाज आला. लहानू अंगणात उभा राहिला. त्याला राग यायला हवा होता, तो आला नाही. आपल्या छातीत त्या भिक्षाटनाच्या दिवशी जे भरून आलं होतं ते करुणा नव्हती, हे त्याला आता इतकं साधं दिसलं की हसू यावं. भाऊ खाली पडला म्हणून आनंद झाला होता. बस. बाकी सगळं त्यावर घातलेलं वस्त्र होतं.

अजून संधिप्रकाश होता. तो तसाच, चप्पल न घालता, बाबारावच्या घराकडे निघाला. रस्त्यात आपण काय म्हणायचं हे त्याच्या डोक्यात जुळायला लागलं, तेव्हा तो भरभर चालायला लागला.

बाबाराव बाजेवर पाय लांब करून बसला होता. घरभर गाठोडी पडली होती. पुष्पलताबाई भांडी पोत्यात भरत होती. तिनं दीराला दारात पाहिलं, पोतं सोडलं आणि आत गेली.

"दादा," लहानू म्हणाला.  विहारात वंदना म्हणणारा आवाज कुठं गेला होता कोण जाणे. "तूर म्या सोंगली."

बाबारावनं पाहिलं. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते.

"ठाऊक हाय."

"कोन सांगतलं?"

"कोन सांगीन? रोहितनं गाडी वावरावरून आनली. बुडखे पाह्यले न. तू ईतभर बुड ठेवून सोंगतं. लहानपनापासून. बाबा मारे तुले त्याच्यासाठी."

लहानू उंबऱ्यावर बसला. "मंग गोविंदाचं नाव काहून घेतलं?"

"तू बोलतं का पाहून राह्यलो होतो." बाबारावनं गुडघ्याखालची उशी सरकवली. "न बोलला तं न बोलला म्हनलं. जाऊ दे. मी बी तं सरळ इचारू शकलो असतो. पन नाई इचारलं."

बाहेर रोहित गाडीत काहीतरी चढवत होता. लहानूनं पहिल्यांदा नीट घराकडे पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ काढलेलं, खुंट्या मोकळ्या, बाबासाहेबांच्या तसबिरीच्या जागी पांढरा चौकोन.

"हे काय चाललं?"

"वाडीले जाऊन राह्यलो. रोहितनं खाली खोली पाह्यली. रोज व्यायाम कराले लागते म्हने, पायऱ्या नाई चढाच्या. हिची बी तब्येत ठीक नाई." बाबाराव गुडघ्यावरच्या पट्टीकडे पाहत बोलत होता. "वावर गोविंदाले ठेक्यानं देल्लं. काल फोनवर शब्द देल्ला."

"काल?"

"तुले देनार होतो. मनात होतं. पन तुह्या दारात येऊन कोन इचारीन, अन् तू तं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही.

लहानूला वाटलं, आधीच यायला हवं होतं. त्या दिवशी, गाडीच्या काचेशी. विहिरीवर, तो पाइप धरायला. प्रीतीच्या लग्नात, दुसऱ्या दिवशी सकाळी. तो खाली मान घालून बसला आणि त्याचे डोळे भरले. या वेळी त्याला ती करुणा वाटली नाही. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

"कई निघता?"

"हे भरलं का निघालो. पोराले उद्या कामावर जाच लागते."

"पुढच्या पौर्णिमेले येशीन न?"

"पाहू," बाबाराव म्हणाला. म्हातारी माणसं 'पाहू' म्हणतात तेव्हा ते काय असतं हे लहानूला कळत होतं.

बाबाराव उठू लागला, त्याला उठता येईना. लहानूनं काखेत हात घालून त्याला उभं केलं. भाऊ केवढा हलका झाला होता. त्यानं घोडा हाती दिला. मग बाजेवरची गादी गुंडाळली, तिच्यावर गोधडी, उशी आणि नायलॉनची दोरी टाकली. बांधलेल्या तळहातांनी त्याला नीट जमत नव्हतं. त्यानं एक वेढा दिला आणि गाठ मारली.

बाबारावनं घोड्यावर वाकून पाहिलं.

"सैल हाय," तो म्हणाला. "वाडीपर्यंत टिकनार नाई."

लहानूनं गाठ सोडली, गुडघा गादीवर रोवला आणि दोरी पुन्हा ओढली. फोड फुटले. त्यानं घट्ट गाठ मारली, दुसरी मारली, आणि गादी खांद्यावर घेऊन गाडीकडे गेला.